पंतांची प्रायव्हसी

शनिवारची संध्याकाळ. नवऱ्याच्या ऑफिसातली चार डोकी घरी आलेली. पिझ्झा ऑर्डर झालाय, ग्लास भरलेत, कुणीतरी स्पीकरवर नव्वदच्या दशकातली गाणी लावलीयेत. एकदम फील गुड माहौल! आणि तेवढ्यात आमचे लाडूशेठ ड्राय बाल्कनीतून शेपूट हलवत एन्ट्री घेतात. तोंड घट्ट मिटलेलं, मिशांना करडी पावडर. शेठ सरळ जाऊन नवऱ्याच्या टीम लीडच्या मांडीवर डोकं ठेवतात आणि तिचा हात मनगटापासून बोटांपर्यंत प्रेमाने चाटून काढतात.

"सो क्यूट! काय खाऊन आलास रे?" तिने विचारलं.

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. मी म्हणाले, "बिस्किट." नवरा त्याच क्षणी म्हणाला, "माती."

नवरा निदान अर्धं तरी खरं बोलला.

तर मंडळी, ज्यांच्या घरी फक्त कुत्रा आहे किंवा फक्त मांजर आहे, त्यांना या सीनमधली गोम कळणार नाही. दोन्ही असणाऱ्यांनी मात्र आत्ताच कपाळाला हात लावला असेल. मांजर आपल्या लिटर बॉक्समध्ये, म्हणजे मातीच्या टबात, शिस्तीत 'जाऊन' येतं, वर नीट माती ओढतं. आणि कुत्रा तिथे जाऊन, दिवाळीच्या फराळाचा डबा उघडावा तसं, ते सगळं उकरून खातो. हो, खातो. ही मिटक्या मारत खाण्याची गोष्ट आहे, आणि जगातल्या बहुतेक कुत्रा-मांजर घरांत ती चालते. फक्त पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही.

आमचं घर म्हणजे जॉइंट फॅमिली. लग्नात मी माहेरून पंतांना आणलं, त्याने लाडूला. पंत म्हणजे माझा बोका: काळा-पांढरा, सहा वर्षांचा, चेहरा असा की आत्ताच हिशेबाची वही तपासून उठलाय आणि चार आणे कमी निघालेत. लाडू म्हणजे लॅब्रॅडॉर: बत्तीस किलो वजन आणि हिशेबाशी काडीचा संबंध नाही. दोघांची आपसात दुष्मनी अजिबात नाही. सोफ्यावर ते एकमेकांना टेकून झोपतात, फोटोंना भरपूर लाइक्स मिळतात. भांडण फक्त त्या एका टबावरून. आणि मला वाटत होतं तसं ते भांडणही नव्हतं. पण ते कळायला मला दोन महिने आणि एक भयानक रात्र लागली.

आधी लाडूची बाजू घेते. त्याला 'घाणेरडा' म्हणणं सोपं आहे, पण कुत्र्याच्या नाकाने विचार करा. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याचं खाणंही तसंच, प्रोटीन आणि फॅटने ठासलेलं. अमेरिकेत ज्या मापदंडाने प्राण्यांचं खाणं तोललं जातं, त्यात मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या खाण्यात किमान १८ टक्के प्रोटीन लागतं, मांजराच्या खाण्यात २६ टक्के. फॅट कुत्र्याला साडेपाच टक्के, मांजराला ९. एवढं श्रीमंत खाल्लेलं सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, काही वास आणि चव मागे उरतेच. म्हणजे लाडूच्या दृष्टीने ड्राय बाल्कनीत रोज दोनदा कुणीतरी नॉनव्हेज स्टार्टर ठेवून, वर माती टाकून निघून जातं. तो शोधून काढण्यात जी मजा, ती वेगळीच.

त्यात हा लॅब. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये एका जीनचा तुकडाच गायब असतो, आणि ज्यांच्यात तो गायब असतो ते वजनाने जास्त आणि खाण्यासाठी जास्त हपापलेले असतात. लाडूची टेस्ट आम्ही केलेली नाही. गरजच काय?

पोटात काही कमी पडतं म्हणून कुत्रा असं करतो, हा सगळ्यांचा आवडता फंडा. क्वचित तसं असतंही. कुत्रा अचानक असं करायला लागला, सोबत वजन उतरतंय, भूक वाढलीय, पोट बिघडलंय, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण धडधाकट, गुटगुटीत कुत्रा मांजराच्या टबावर डल्ला मारत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच. त्याला आवडतं. संपलं.

बरं, आवडतं तर खाऊ दे की, असं आमचे एक मित्र म्हणाले. (ते अविवाहित आहेत आणि त्यांच्याकडे फक्त मनी प्लांट आहे.) पण नाही खाऊ देता येत. एक तर जंत. मांजराच्या पोटातले गोल जंत, अंकुशकृमी, जिआर्डियासारखे उपद्व्यापी जीव या रस्त्याने कुत्र्याकडे येऊ शकतात, आणि तेच तोंड मग आपल्या हाताला, उशीला, बाळाच्या गालाला लागतं. घरात कुणी प्रेग्नंट असेल तर टोक्सोप्लाझ्मा हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. त्याबद्दल घाबरून मांजर घराबाहेर काढणारे महाभाग असतात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते: ताज्या विष्ठेतला तो जंतू लगेच लागण करू शकत नाही. त्याला त्या अवस्थेला यायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे टब रोजच्या रोज साफ झाला तर धोका पुष्कळ कमी होतो. साफ दुसऱ्या कुणी तरी करायचा, एवढंच. नवऱ्याला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

दुसरी भानगड मातीची. तुम्ही म्हणाल माती ती माती. तर ऐका. मांजरांसाठी दुकानातून माती विकत आणायची ही आयडिया १९४७ सालची. अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण आली. ती मांजरासाठी राख वापरायची आणि घरभर काळी पावलं उमटायची. त्याने तिला राखेऐवजी फुलर्स अर्थ दिली. फुलर्स अर्थ म्हणजे कोण? आपली मुलतानी माती! जी आपण रविवारी तोंडाला फासून बसतो, तीच तिकडे मांजराखाली गेली आणि त्या गृहस्थाने त्यातून मोठा धंदा उभा केला. हल्लीची गोळे होणारी माती मात्र वेगळी, ती बहुतेक बेंटोनाइटची असते. पाणी लागलं की फुगते आणि घट्ट गोळा होते. टबात ही फार सोयीची गोष्ट. लाडूच्या पोटात अजिबात नाही. कुत्र्याने थोडी चाटली तर सहसा काही होत नाही, पण फस्त केली तर तोच गोळा आतड्यात अडकू शकतो. उलट्या, जेवण बंद, शी बंद असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. (फ्लॅटच्या कमोडमध्येही ही माती टाकू नका. तिथेही ती तेच करते. प्लंबरचं बिल मी भरलंय.)

या मातीवरून सासूबाईंशी झालेला संवाद इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी बाहेर जाताना म्हणाले, "आई, येताना लिटर आणते." त्या म्हणाल्या, "आण, पण दोन आण. उद्या खीर करायचीय."

असो. पाहुण्यांसमोर इज्जतीचा फालुदा झाल्यावर आम्ही 'मिशन लाडू' हाती घेतलं.

पहिला उपाय, ओरडणे. रिझल्ट: लाडू अजून फास्ट खायला लागला. त्याला वाटलं आम्हालाही हवंय म्हणून आम्ही धावत येतोय. आधी तो निवांत खायचा, आता गपकन गिळून निरागस चेहऱ्याने उभा राहायचा.

दुसरा उपाय सासूबाईंचा, मिरपूड. "वर भुरभुरव, परत तोंड लावणार नाही." लाडूने तोंड लावलं, शिंकला, परत तोंड लावलं. पंतांनी मात्र टबाच्या काठावर नाक नेलं आणि जी पाठ फिरवली ती चार तास. हा उपाय करू नका, प्लीज. मांजराचा टब आहे तो. मसाला त्याच्या नाकात जातो, पंजांना लागतो, आणि ते पंजे ते चाटतं.

मग मी ऑनलाइन एक पूड मागवली, कुत्र्याच्या खाण्यात मिसळायची, म्हणजे म्हणे शी बेचव लागते. ती मांजराच्या खाण्यात मिसळून बघायची का, असाही विचार झाला. कॅलिफोर्नियात २०१८ साली एक अभ्यास छापून आला होता, स्वतःची किंवा दुसऱ्या कुत्र्याची शी खाणाऱ्या कुत्र्यांवर. त्यांनी असल्या अकरा वेगवेगळ्या पुड्या-गोळ्यांबद्दल मालकांना विचारलं, आणि यशाचं प्रमाण निघालं शून्य ते दोन टक्के. हा आकडा मी पूड मागवल्यानंतर वाचला. अर्थात.

तिसरा उपाय मला तेव्हा जीनियस वाटला होता: झाकणवाला लिटर बॉक्स. छोट्या घरासारखा, पुढे लोंबतं दार. महागाचा होता, दिसायला एकदम पॉश, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवल्यावर फोटो काढावासा वाटला. लाडूने पहिल्याच दिवशी त्या दारातून डोकं आत घातलं. धड बाहेर, डोकं आत, शेपूट फिरतेय. आणि डोकं बाहेर काढता येईना म्हणून तो अख्खा बॉक्स डोक्यावर घेऊन हॉलमध्ये आला. मातीसकट. पुढचं वर्णन करत नाही, तुम्ही हे ब्रेकफास्ट करताना वाचत असाल.

पण खरा प्रॉब्लेम लाडूचं डोकं हा नव्हताच. त्यानंतर लाडूने नवी टेक्निक शोधली. पंत आत गेले की हा दारासमोर बसून राहायचा. गुरगुरणं नाही, काही नाही, नुसता बसायचा. गरमागरम सर्व्ह होण्याची वाट बघत. आम्हाला ते जाम फनी वाटलं, मी व्हिडिओसुद्धा काढला. आज तो व्हिडिओ बघवत नाही. कारण आत बसलेल्याला काय दिसत असेल याचा मी विचारच केला नव्हता. बाहेर पडायला एकच दार, आणि त्या दारात आपल्या सातपट वजनाचं तोंड श्वास टाकत उभं.

माझे आईवडील लग्नानंतर काही वर्षं गिरगावात चाळीत राहिले. मजल्याच्या टोकाला सार्वजनिक संडास. आई सांगते, बाहेर कुणी बालदी घेऊन उभं राहून नुसतं खाकरलं तरी आतल्याचं सगळं अडून बसायचं. पंतांचं तेच झालं. मी मात्र अजून 'कुत्र्याला कसं थांबवायचं' यातच अडकले होते.

मग आमचा मास्टरस्ट्रोक. टब थेट वॉशिंग मशीनवर ठेवला. उंच! लाडूचं तोंड पोचत नाही, पंत आरामात उडी मारतात, सगळे खूश. दहा-बारा दिवस खरंच खूश होतो. मग एका सकाळी कपडे लावले होते हे विसरून आम्ही दोघं आपापल्या कॉलवर, पंत वर आपल्या कामात, आणि मशीन स्पिनवर गेलं.

पंत हवेत किती उंच गेले हे मी पाहिलं नाही. आवाज ऐकला फक्त.

त्या दिवसापासून पंत मशीनकडे फिरकेनात. टब खाली उतरवला तर तिथे लाडू. मग बीन बॅगवर एकदा ओलं सापडलं, मग नवऱ्याच्या जिमच्या बॅगेत, मग पायपुसण्यावर. मी चिडले. खरं सांगते, पंतांवर चिडले. "एवढा शहाणा बोका आणि हे काय?" नवरा म्हणाला, सूड घेतोय. मांजरं सूडबिड घेत नाहीत, ती जागा शोधत असतात, हे आता मला माहीत आहे. तेव्हा आम्ही फेब्रीझ मारला आणि ऑफिसला गेलो.

सोमवारी सकाळी मावशी झाडलोट करताना म्हणाल्या, "ताई, पंतांची माती आज कोरडीच आहे. कालची पण." आमच्या मावशींना असलं सगळं दिसतं. मी कानात इअरफोन घालून एका क्लायंटला डेडलाइन कशी पाळू हे पटवत होते. मी मावशींना अंगठा दाखवला. म्हणजे 'ओके'. म्हणजे 'ऐकलं'. ऐकलं नव्हतं.

रात्री घरी आले तर पंत टबात. उतरले, परत टबात. मग बाथरूमच्या कोपऱ्यात बसले, मग परत टबात. बसतायत, पाठ वाकवतायत, काहीच होत नाहीये. मला वाटलं बद्धकोष्ठ. गूगलवर भोपळा द्या असं होतं, मी भोपळा शोधत होते फ्रिजमध्ये. अकरा वाजता ते एका विचित्र खोल आवाजात ओरडले आणि माझ्या हातातलं सगळं गळालं. सहा वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बोका आहे की मांजरी?"

"बोका."

"लगेच घेऊन या. सकाळची वाट बघू नका."

कारमध्ये मागच्या सीटवर मी, मांडीवर बास्केट. नवरा सिग्नलला थांबत नव्हता. लाडू घरी दाराला नाक लावून रडत होता, त्याचा आवाज लिफ्टमध्येही येत होता.

हे पुढचं मात्र, ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी नीट वाचा. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते. मूत्राशयाला सूज येते, त्यातला चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून बूच तयार होतं आणि नळी बंद. आत लघवी साठत जाते, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्याचा फटका हृदयाला बसतो. एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. मांजरींमध्ये हे क्वचित होतं, म्हणून तो पहिला प्रश्न. आणि घरच्यांना नेहमी वाटतं की बद्धकोष्ठ आहे, कारण बसण्याची पोझ तीच. बोका सारखा टबात जातोय आणि एक थेंबही येत नाहीये, किंवा थेंब-थेंब लाल येतंय, तर भोपळा शोधू नका. गाडी काढा.

पंतांना भूल दिली, नळी घातली, सलाइन लावलं. तीन दिवस ते तिथे होते. गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा, चेहरा नेहमीसारखाच, हिशेब न जुळलेला. बिलाचा आकडा सांगत नाही. दिवाळीचा गोवा कॅन्सल झाला, एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "अलीकडे घरात काही बदललं का? नवं माणूस, नवं फर्निचर, संडासाची जागा?"

मी आणि नवऱ्याने परत एकदा एकमेकांकडे पाहिलं. या वेळी दोघंही खरं बोललो. मिरपूड, झाकणवाला बॉक्स, लाडूचा पहारा, वॉशिंग मशीन. डॉक्टर मधे हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"याला एकच कारण असं नसतं," ते म्हणाले. "पाणी कमी पिणं, सगळं कोरडं खाणं, वजन, हालचाल नसणं, आणि ताण. ताण मोठा असतो मांजरांना. मला एक सांगा, तुम्ही कुत्र्याला बाहेर ठेवायचा प्रयत्न करत होतात की मांजराला आत जाऊ द्यायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिने आम्ही जे जे केलं होतं ते सगळं लाडूला नजरेसमोर ठेवून. ज्याचा संडास होता त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी आणि नवरा ड्राय बाल्कनीत जमिनीवर बसलो. अक्षरशः बसलो, मांजराच्या उंचीवर. बघितलं की इथून काय दिसतं, पळायचं तर कुठून, वॉशिंग मशीनचा आवाज किती मोठा येतो. दहा मिनिटांत सगळं समजलं. आणि जो तोडगा निघाला तो इतका साधा की सांगायला लाज वाटते.

दाराची साखळी.

मेन डोअरला असते तीच, कोण आलंय ते फटीतून बघायची. ती आम्ही ड्राय बाल्कनीच्या दाराला लावून घेतली. दार उघडतं, पण जेमतेम सहा इंच. पंत सुळकन आत. लाडूचं डोकं आत जातं, खांदे जात नाहीत. मधे वाऱ्याने दार आपटून फट बंद होऊ नये म्हणून खाली रबराची पाचर. घरमालकांना दोन स्क्रूंची भोकं पाडायची परवानगी मागितली तर त्यांनी आधी तीन प्रश्न विचारले आणि मग स्वतःच्या मुलीच्या मांजराचे फोटो पाठवले.

झाकणवाला पॉश बॉक्स दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर विकला. त्याऐवजी कपडे ठेवायचा मोठा उघडा प्लॅस्टिकचा टब आणला, पुढची बाजू कापून खाली केली. मांजराच्या लांबीच्या दीडपट टब हवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुकानात मिळतात ते बहुतेक त्याहून छोटे असतात. टब मशीनपासून लांब, भिंतीला पाठ आणि समोर दार दिसेल असा. शिवाय दुसरा टब आमच्या बेडरूमच्या बाथरूममध्ये, कारण जितकी मांजरं त्याहून एक टब जास्त, असा सगळे जाणकार देतात तो नियम. बेडरूमच्या दारालाही साखळी. लाडू रात्री आमच्या बेडवर झोपायचा, तो आता हॉलमध्ये झोपतो. दोन आठवडे रुसला होता. नवराही.

तुमचा कुत्रा लॅब नसेल, पग किंवा डॅशहुंड असेल, तर हा साखळीचा खेळ चालणार नाही, ते पंतांच्या मागोमाग आत शिरतील. तिथे उंची कामाला येते: भक्कम टेबल, रुंद शेल्फ, न हलणारं काहीही. (पुन्हा सांगते, न हलणारं.) नाही तर लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसलं फाटक, मांजर वरून उडी मारतं. वरून शिरायचे टबही मिळतात, पण मांजर म्हातारं, गुडघे दुखणारं किंवा पिल्लू असेल तर त्याला हे उड्या मारणं नको. तोडगा कोणताही घ्या, फक्त जागा एका रात्रीत बदलू नका. आम्ही टब रोज वीतभर सरकवत नेला, आणि पंतांनी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, जे त्यांच्या बाबतीत ऐतिहासिक आहे.

लाडूला 'सोड' शिकवलं. मुठीत बिस्किट धरायचं, तो हुंगेल, चाटेल, कंटाळून मागे होईल, त्या क्षणी दुसऱ्या हातातून त्याहून भारी काहीतरी द्यायचं. उकडलेलं चिकन चालतं. चार-पाच आठवड्यांत फिरायला नेताना रस्त्यावरचं हाडूक सोडायला लागला. ड्राय बाल्कनीत मात्र माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. कुणी घरात नसताना 'सोड' म्हणणार कोण? शेवटी कामाला येते ती साखळी आणि रोज दोन वेळा साफ होणारा टब. टबात काही नसेल तर खाणार काय? सकाळची पाळी माझी, रात्रीची नवऱ्याची. तो विसरला तर दंड म्हणून भांडी. शिवाय दोघांचं जंताचं औषध आता डॉक्टरांनी आखून दिलेल्या तारखांना, फोनमध्ये रिमाइंडर लावून.

पंतांचं कोरडं खाणं कमी करून ओलं वाढवलं, पाण्याची तीन भांडी घरात तीन ठिकाणी ठेवली. एका भांड्यातलं लाडूच पितो. चालायचंच.

आणि मावशी. सुरुवातीला त्या सवयीने ड्राय बाल्कनीचं दार लावून घ्यायच्या, वर कडीही. मी दारावर चिठ्ठी लावणार होते. मग वाटलं, चिठ्ठी कसली लावतेस, बोल की. त्या दिवशी चहा केला, त्यांना बसवलं, पंतांना काय झालं होतं ते सगळं सांगितलं. त्या सोमवारी त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही हेही. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं ताई. पण तुम्ही अंगठा केला, मग मी म्हटलं यांना माहीत असेल."

आता रोज सकाळी आल्या आल्या त्या आधी बाल्कनीत डोकावतात आणि हॉलमध्ये रिपोर्ट देतात. "दोन गोळे, एक ते." कॉलवर असले तरी मी म्यूट करून ऐकते. एकदा म्यूट करायचं राहिलं. क्लायंटने विचारलं, हा कुठला मेट्रिक आहे?

आज सकाळची गंमत सांगते. साडेसहा वाजलेत. दाराच्या फटीत लाडूचं नाक, शेपटीने फरशी झाडली जातेय. आत पंत. खरड-खरड, मग शांतता, मग परत सावकाश, अगदी सावकाश खरड-खरड. इकडे बाथरूमच्या दाराबाहेर नवरा टॉवेल खांद्यावर टाकून उभा, आत सासूबाई. त्याने घसा खाकरला.

"अरे, जाऊ दे की आईला शांतपणे," मी म्हणाले. आणि लाडूला कॉलर धरून हॉलमध्ये नेलं.